पंखांच्या चाकाची पाटी

रेल्वेने टपालगाड्यांची वर्दळ हिरावून नेल्यामुळे ओस पडलेल्या इंग्लंडमधील रस्त्याकाठच्या ‘इन’ना, म्हणजे जेवण व मुक्काम दोन्ही देणाऱ्या खाणावळींना, सायकलस्वारांनी पुन्हा गिऱ्हाईक मिळवून दिले. 1878 साली स्थापन झालेल्या व पुढे ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने सभासदांसाठी या खाणावळींशी दर ठरवले आणि पसंतीच्या ठिकाणी पंख असलेल्या चाकाची ओतीव लोखंडी पाटी झळकू लागली. हे स्वागत, अर्थातच, बिनशर्त नव्हते: 1898 मध्ये सायकलसाठी सोयीची घोळदार विजार घालून ऑकमच्या हॉटेलात आलेल्या लेडी हार्बरटन यांना मालकिणीने कॉफी-रूममध्ये बसू न देता मद्यालयालगतची खोली दाखवली, क्लबने खटला भरला, परंतु 1899 मध्ये ज्यूरीने मालकिणीला निर्दोष ठरवले.