एक्सरेत न दिसणारं फ्रॅक्चर

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात होते चामोर्शीहून आलेल्या एका व्हॉइस नोटने. माझा मामेभाऊ पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे साडेचारला, डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत. आपल्या गडचिरोली-चंद्रपुरात पहाटे निघालात तर असे घोळके दिसतातच. मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० गुण एकट्या १६०० मीटरचे, मग पोरं धावणारच ना! तर तो म्हणाला, "दादा, पाय लय दुखून राहिला. एक्सरेत तर काहीच नाही म्हणते."

डॉक्टरांनी स्नायू ताणलाय सांगून गोळ्या दिल्या. पठ्ठ्या गोळ्या खाऊन धावत राहिला.

आता जाऊ १८५५ मध्ये. ब्राइटहाउप्ट नावाचा प्रशियाच्या सैन्यातला डॉक्टर. त्याच्याकडे शिपाई यायचे, पाऊल सुजलेलं, पण ना कुठे पडले, ना मार लागला. फक्त लांबच लांब मार्च केलेला. त्याला वाटलं, ही स्नायुबंधांची सूज असावी. बिचाऱ्याकडे आत बघायची सोयच नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट आहे, लॉग नाही. १८९५ ला राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि १८९७ मध्ये स्टेखो या लष्करी डॉक्टरने त्याच तक्रारीच्या पायांचे फोटो काढले. बोटांमागच्या लांब हाडांना चक्क तडे! म्हणून नाव पडलं 'मार्च फ्रॅक्चर'.

हाड म्हणजे लोखंडी सळई नाही. ताण वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग नवीन भरतं. पोखरणं लवकर होतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड कच्चं असतं, आणि आपली पोरं नेमकी तेव्हाच अंतर दुप्पट करतात.

गंमत बघा, ज्या यंत्राने हे कोडं सोडवलं तेच इथे फसवतं. पहिले दोन-तीन आठवडे तडा बहुतेक वेळा एक्सरेत दिसतच नाही. नंतर नवीन हाडाची गाठ धरते, तेव्हा कळतं. एमआरआयमध्ये लवकर दिसतो, पण चामोर्शीतून त्यासाठी कुठवर जायचं? म्हणून बोट कामाला लावा. हाडावर एकाच ठिकाणी दाबल्यावर कळ येते, धावताना वाढते, थांबल्यावर कमी होते? मग धावणं बंद आणि पुन्हा डॉक्टर. (सकाळी पहिल्या पावलाला टाच दुखते, ते प्रकरण बहुधा वेगळं.)

उपचार कंटाळवाणा आहे. साधारण सहा ते आठ आठवडे धावणं नाही, कडक तळव्याचा बूट, पोटभर जेवण. मुलींनो, सराव वाढल्यावर पाळी थांबली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याचा हाडांशी थेट संबंध आहे. पायाच्या कमानीवर किंवा करंगळीमागच्या हाडाच्या बुडाशी दुखत असेल तर थांबूच नका, तिथले तडे सहजी भरत नाहीत.

भावाला सी-६० मध्ये जायचंय. १९९० मध्ये गडचिरोलीत उभं राहिलेलं हे पथक, पाठीवर ओझं घेऊन जंगलात पायी गस्त. म्हणजे त्या प्रशियन शिपायाचंच काम. तीन आठवड्यांनी दुसरा एक्सरे काढला, तिसऱ्या बोटामागच्या हाडावर गाठ. मैदानाची तारीख त्यानंतर पाचव्या आठवड्यात आली. तो गेला नाही. मामा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

परवा नवीन व्हॉइस नोट आली. "दादा, आज दहा मिनिटं धावलो. मातीवर."