सिमेंटचे समभाग

बांधकामाला तेजी आली की भारतीय गुंतवणूकदार सहसा सर्वांत आधी ज्या समभागांकडे वळतो, तो गट. घर, धरण, महामार्ग काहीही बांधा, सिमेंट लागणारच, हा त्यामागचा हिशेब. मात्र खप वाढला म्हणजे भागधारकाचा नफा वाढलाच, असे या धंद्यात क्वचित घडते.

सरकारी नियंत्रणाच्या काळात ते उघडच दिसे. दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन १९३६ मध्ये एसीसी ही कंपनी उभी राहिली. पुढे दर आणि वाटप सरकारच्या हाती गेले. सिमेंटला परमिट लागे, टंचाई कायमची, पण तिचा फायदा कारखान्यापेक्षा काळ्या बाजाराला. सिमेंटवाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले पायउतार झाले. योगायोगाने त्याच वर्षी नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले.

त्यानंतर आला मुंबईचा शेअर दलाल हर्षद मेहता. आज नवा कारखाना उभारायला जो खर्च येईल, त्यावर जुन्या कंपनीचे मोल ठरवावे, असे त्याचे गणित होते. एसीसीचा समभाग सुमारे २०० रुपयांवरून १९९२ मध्ये ९,००० च्या आसपास गेला आणि मेहताचा रोखे घोटाळा फुटताच कोसळला. भाव अर्थातच अवास्तव होता, पण मोजपट्टी टाकाऊ नव्हती : कंपनीचे बाजारमूल्य अधिक निव्वळ कर्ज, भागिले टनांतील क्षमता, हा आकडा विश्लेषक आजही आधी काढतात.

खरी मेख याच क्षमतेत आहे. चुनखडीच्या खाणीचा पट्टा, जमीन, पर्यावरण मंजुरी, मग भट्टी, यात काही वर्षे सहज जातात. तेजीच्या भरात सगळ्यांनी एकदमच घेतलेले विस्ताराचे निर्णय एकदमच उत्पादनात उतरतात. २००३ नंतरच्या तेजीत कारखाने जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालले. २०१० च्या सुमारास नवी क्षमता बाजारात आली तेव्हा मागणी वाढत असूनही भट्ट्या रिकाम्या राहू लागल्या. दक्षिणेत हे दुखणे जास्त. माल जड आणि स्वस्त, दूर नेला तर भाडेच नफा खाते. म्हणून चंद्रपूरच्या आवारपूर-गडचांदूर भागातल्यासारखे कारखाने खाणीलगत उभे राहतात आणि प्रत्येक विभागाचा भाव वेगळा ठरतो. देशभराच्या मागणीचा आकडा पाहून समभाग घेणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही.

भट्टीच्या इंधनाचे वेगळेच. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर कोळसा व पेटकोक कडाडले आणि खप चांगला असताना टनामागचा नफा घसरला.  कराचेही तसेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हा कर ग्राहकाकडून वसूल होतो. त्यामुळे कपातीतले कंपनीच्या पदरात किती पडेल, हे त्या त्या विभागातील स्पर्धेवर ठरते.