लघु फर्निचर उद्योगातील पुरवठा-जोखीम

लाकूड, प्लायवूड, बिजागऱ्या, चॅनल, फोम, पॉलिश यांपैकी एखादा माल वेळेवर, ठरल्या भावात किंवा हव्या प्रतीचा न मिळाल्याने छोट्या कारखान्याचे काम अडण्याची वा तोट्यात जाण्याची शक्यता. पाच-दहा कारागिरांच्या कारखान्यात ती अधिक बोचते: एका मापाचे चॅनल आले नाहीत तर सगळे कपाट तयार असूनही पोचवता येत नाही, आणि रोजंदारी मात्र चालूच राहते.

सर्वांत मोठी जोखीम लाकडाची. महाराष्ट्रात देशी साग मुख्यतः बल्लारशा, आलापल्ली यांसारख्या वन आगारांतील लिलावांतून बाजारात येतो. लिलावाचे लॉट लहान कारखानदाराला पेलत नाहीत. तो वखारीतून चिरलेला माल घेतो. त्यामुळे वखारवाल्याचे भांडवल अडकले की कारखानदाराचेही काम थांबते. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली. आयातदारांचा भर मग आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील लागवडीच्या सागावर वाढला. हा साग अनेकदा कमी वयाचा असतो. त्यात पक्क्या गाभ्याचा भाग कमी निघतो आणि घट वाढते. म्हणून घनफुटाच्या भावापेक्षा चिराईनंतर हाती येणाऱ्या उपयुक्त लाकडाचा भाव काढणे महत्त्वाचे.

कायदाही पुरवठा बदलतो. 2 जानेवारी 2017 पासून शिसमाचा संपूर्ण वंश (जीनस) वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आला आणि जोधपूर, सहारनपूरच्या निर्यातदारांना लाकडाच्या वैध उगमाची कागदपत्रे सांभाळणे भाग पडले. ज्यांनी आंबा, बाभूळ यांचे नमुने आधीच तयार ठेवले होते, त्यांना दुसरा मार्ग मोकळा होता.

वाळवणीकडे मात्र फार थोडे लक्ष दिले जाते, हे खेदाने नोंदवावे लागते. घरातील फर्निचरच्या लाकडात साधारण 8 ते 12 टक्के ओलावा असावा. घाईच्या ऑर्डरसाठी पावसाळ्यात ओले लाकूड वापरले की उन्हाळ्यात सांधे उघडतात, फळ्या वाकतात. पावसाळ्यापूर्वी घेऊन, फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून हवेशीर रचलेला साठा हा छोट्या कारखान्याचा खरा विमा होय. ओलावा मोजण्याचे साधे यंत्र न बाळगणे ही चुकीची काटकसर आहे.

इतर मालासाठी दोन पुरवठादार, दोन्हींकडे मिळणाऱ्या मापांवर बेतलेली रचना, भावपत्रकावर मुदत आणि गिऱ्हाइकाकडून लाकूड-प्लायपुरती आगाऊ रक्कम हे उपाय कामाचे ठरतात. शेवटचा धोका येणे थकण्याचा: हॉटेल वा बिल्डरकडे पैसे अडकले की वखारीची उधारी थकते आणि पुढचा माल बंद होतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत करारानेही 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी माल देण्यापूर्वीच करून घ्यावी.