बोचक्यातली गांधीबाग

स्मरणिका समितीने मला निरोप दिला, 'तू शाळेच्या परिसराचा इतिहास लिही.' मी काही इतिहासाची अभ्यासक नाही. पण आमचे घर गांधीबागेतले, बाबा ठोक कापडाच्या दुकानात दिवाणजी आणि आईच्या कपाटावर कायम एक चिंध्यांचे बोचके. मला जो इतिहास ठाऊक आहे तो त्या बोचक्याचा. तोच लिहिते.

आपण सगळे मिलच्या भोंग्यावर शाळेत पोहोचलेले. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढली आणि जुम्मा तलावाजवळच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळच्या, दलदलीच्या जागेवर मिल उभारली. १ जानेवारी १८७७ ला, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी ती सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस. कोष्ट्यांचे हातमाग त्याच्या कितीतरी आधीपासून नागपुरात होते. हातमाग, मिल आणि बाजार असे तिन्ही एका गावात असले की तुकडे उरणारच. दुकानात ठाणाचे शेवट उरत, नमुन्याचे तुकडे जुने होत. दिवाळीच्या आधी बाबा ते रद्दीसारखे बांधून घरी आणत.

या तुकड्यांनाही कायद्यात नावे होती हे मला फार उशिरा कळले. अबकारी खात्याच्या नियमांत ४५ ते ९० सेंटिमीटरचा तुकडा तो 'फेंट', २३ ते ४५ चा 'रॅग' आणि २३ च्या आतली ती 'चिंधी'. आपण ज्याला हिणवून चिंधी म्हणायचो तो शब्द थेट सरकारी कागदावर! आईकडे मात्र दोनच वर्ग होते : 'कामाचं' आणि 'पुढं कामाचं'. टाकण्यासारखे काही नव्हतेच. मी एकदा वीतभर छिटाचा तुकडा केरात टाकला, तर म्हणाली, "काहून फेकते व? कोणाच्या तरी लेकराचं टोपडं होईल."

या सवयीला कारण होते. दुसऱ्या महायुद्धात मिलचे कापड लष्कराकडे जाऊ लागले, भाव भडकले आणि १९४३ मध्ये सरकारने कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. आजी ते दिवस सांगायची. लग्नाला पातळ मिळेना, तिथे बारशाला नवे कापड कोण देणार? तेव्हा जुन्या लुगड्याचे चार थर, वर उरलेले तुकडे आणि धावदोरा, असे दुपटे हीच भेट. आपल्या वेळी रेशन दुकानात 'कंट्रोलचं कापड' मिळायचे ते तुम्हाला आठवत असेल. खरखरीत असे, पण पिशव्यांना नामी.

आमच्या घरी खरी धांदल पोळ्याच्या आधी. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा मागणारी गल्लीतली पोरे आईकडे झूल शिवून मागत. लाल साटिनचा तुकडा कोणाच्या बैलाला, यावरून भांडणे होत. आई निवाडा करी : ज्याच्याकडे बैल सगळ्यात लहान, त्याला साटिन. (कारण तुकडाच तेवढा असे.)

शाळेतला शिवणाचा तासही आकाशातून पडलेला नव्हता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला, इथून पाऊणशे किलोमीटरवर, गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार पुढे आला. नंतर १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' सुचवला. आपल्यापर्यंत येताना त्याचे झाले 'मुलींना शिवण, मुलांना खडू'. माझ्या मते ते चूकच होते. मुलांनाही बटण लावता यायला हवे होते, वर्गातल्या काहींना आजही येत नाही.

पण बाईंनी शिकवले ते पक्के शिकवले. माझे पहिले झबले धुतल्यावर शिवणीवर चुण्या पडून आखडले. बाई म्हणाल्या, "अगं, कोऱ्या मिलच्या कापडात खळ असते. आधी भिजवून, धुऊन, वाळवून घ्यायचं, मग जुन्याला जोडायचं. नाहीतर नवं आटतं आणि जुन्याला ओढतं."

१९७९ मध्ये दहावीचा निरोप समारंभ झाला. माझ्या शेजारी बसणारीचे वडील मिलमध्ये होते. भेट विकत घेण्याची आम्हा दोघींचीही ऐपत नव्हती. मी तिला आईच्या बोचक्यातून बटवा शिवून दिला. तिने मला मिलच्या लाँगक्लॉथचा एक तुकडा दिला, कोपऱ्यावर मिलचा छाप असलेला. म्हणाली, "मला तुझ्यासारखं शिवता येत नाही, तूच काहीतरी शिव." मी तो कधी कापला नाही. १९८६ मध्ये मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. २००२ मध्ये ती बंद झाली तेव्हा तिचा भाऊ तिथे कामाला होता. ते कुटुंब नागपूर सोडून गेले आणि पत्ता तुटला. आज त्या जागेवर मॉल आहे.

तुकडा मोजला. ८० सेंटिमीटर लांब, ९० रुंद. म्हणजे कायद्याने फेंट. यंदा आपण बेचाळीस जण येणार असे कळले, आणि आठ दिवस मी कात्री हातात घेऊन खाली ठेवत होते. मग भिजवला, धुतला, वाळवला आणि कापला. संमेलनात तुमच्या हाती जो बटवा पडेल, त्याचे वरचे तुकडे आईच्या बोचक्यातले आहेत. आत उलटून पाहा, दहा बाय पंधराचे पांढरे अस्तर आहे, ते एम्प्रेसचे.

छापाचा कोपरा ज्यात आहे तो त्रेचाळिसावा बटवा मी वाटपात ठेवलेला नाही. तिचा पत्ता कोणाला ठाऊक असेल तर नोंदणीच्या टेबलावर मला सांगा.