रक्त थांबेपर्यंत सोबत राहणारी माणसे

खेळताना मुलाच्या गुडघ्याला मुका मार लागतो. बाकीची मुले गुडघा चोळून पुन्हा पळू लागतात. याचा गुडघा मात्र संध्याकाळपर्यंत टम्म सुजतो आणि आठवडाभर तो शाळेत येत नाही. हाड मोडलेले नाही, वर जखमही नाही. रक्त सांध्याच्या आत साचलेले असते. हा हिमोफिलिया.

रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांपैकी आठवा घटक कमी असला तर हिमोफिलिया ‘अ’, नववा कमी असला तर ‘ब’. ‘अ’ प्रकार सुमारे ५००० मुलग्यांमागे एकाला असतो. सदोष जनुक क्ष गुणसूत्रावर असते, म्हणून ते मुलाकडे आईकडून येते. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार पूर्वी कोणालाच नसतो. तेव्हा आईला दोष देण्यात अर्थ नाही.

१८०३ साली फिलाडेल्फियाच्या जॉन ओटो यांनी एका कुटुंबातील अशा ‘रक्तस्रावी’ पुरुषांची नोंद प्रसिद्ध केली. १८४० मध्ये लंडनला सॅम्युएल लेन यांनी शस्त्रक्रियेनंतर रक्त न थांबणाऱ्या एका मुलाला दुसऱ्याचे रक्त देऊन वाचवले. १९६४ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ पूल यांना आढळले की, गोठवलेला रक्तद्रव सावकाश वितळवला की तळाशी साका राहतो आणि त्यात आठवा घटक भरपूर असतो. हा ‘क्रायो’ साध्या रक्तपेढीतही करता येतो.

आता थोडे गणित करू. मुलाचे वजन ३० किलो. मोठा रक्तस्राव थांबवायला किलोमागे २० एकके धरली तर ६०० एकके लागतात. क्रायोच्या एका पिशवीत साधारण ८० एकके असतात आणि एक पिशवी एका रक्तदात्याची. म्हणजे एका मात्रेमागे आठ दाते! पुन्हा आठ-बारा तासांत या घटकाचे प्रमाण निम्म्यावर येते, म्हणजे मात्रा परत द्यावी लागते. पुरुषाला मात्र तीन महिन्यांतून एकदाच रक्त देता येते. तेव्हा शोध एका व्यक्तीचा असला, तरी उपचार वर्षानुवर्षे रक्त देणाऱ्या अनेकांच्या आधाराने चालत आला.

या आधाराला संघटित रूप दिले ते रुग्णांनीच. माँट्रियलचे फ्रँक श्नाबेल यांना स्वतःला हिमोफिलिया होता. त्यांनी १९६३ मध्ये जागतिक महासंघ स्थापला. भारतात अशोक वर्मा यांनी १९८३ मध्ये हिमोफिलिया फेडरेशन उभे केले. तेही रुग्णच होते.

त्याच दशकात घात झाला. हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून बनवलेल्या औषधातून, तसेच दूषित रक्तातून, एड्स आणि काविळीचे विषाणू रुग्णांपर्यंत पोचले. १९८७ मध्ये श्नाबेल एड्सने गेले. ज्यांच्या आडनावावरून ‘ब’ प्रकाराला १९५२ साली ‘ख्रिसमस रोग’ म्हटले गेले, ते स्टीफन ख्रिसमस कॅनडात सुरक्षित रक्तासाठी झटले आणि १९९३ मध्ये त्याच आजाराने गेले. भारतात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्तपेढ्यांना शिस्त लावली. १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. अमेरिकेत १९९२ पासून जनुकतंत्राने बनवलेला आठवा घटक मिळू लागला. २०१६ च्या कायद्याने भारतात हिमोफिलियाला अपंगत्वाच्या यादीत स्थान मिळाले.

हा सगळा इतिहास खानदेशातून पाहिला की वेगळा दिसतो. रक्तस्राव सुरू झाल्यावर शक्यतो दोन तासांत औषध मिळावे, असे तज्ज्ञ सांगतात. जळगावहून मुंबई रेल्वेने चारशे किलोमीटरच्या वर आहे. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झाले, जळगावात २०१८ मध्ये. अंतर इतके असले की मदत जवळच्याच माणसांनी करायची असते: बोलावले की येणारा रक्तदाता, रात्री रक्तपेढी उघडी ठेवणारा तंत्रज्ञ, बर्फाच्या डब्यात औषध आणून देणारा कार्यकर्ता, मुलाचा हात धरून बसलेली आई. यांची नावे वैद्यकाच्या इतिहासात येत नाहीत.

१७ एप्रिल हा श्नाबेल यांचा जन्मदिवस. १९८९ पासून तो जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी अशा माणसांना शाल-श्रीफळ जरूर द्यावे. शाळेने आणखी एक करावे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या रक्तपेढीत जावे, वीस-पंचवीस वर्षे नियमाने रक्त देणाऱ्यांशी बोलावे आणि त्यांच्या संमतीने त्यांचा अनुभव लिहून ठेवावा.

शिक्षकांनी तर स्वतःच अशा मदतगारांत सामील व्हावे. वर्गात हिमोफिलियाचा मुलगा असेल तर मार लागताच त्याला स्वस्थ बसवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, अ‍ॅस्पिरिन देऊ नका, स्नायूत सुई टोचू देऊ नका, पालकांना लगेच कळवा. आणि गुडघा बरा झाल्यावर त्याची बुडालेली आठवडाभराची शिकवणी भरून काढा. हा सन्मानच आहे, आणि तो देणे आपल्या हातात आहे.