कमरेला खोचलेलं अंथरूण

डोंगरात उघड्यावर रात्र काढायची आहे, कोरडा बोचरा वारा सुटलाय आणि जवळ पांघरायला एकच लोकरीचं कापड आहे. अशा वेळी ते कापड आधी ओढ्यात बुडवून मग अंगाभोवती गुंडाळ, असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. स्कॉटलंडच्या हायलँड्समधले लोक कधीकधी नेमकं हेच करत. एडवर्ड बर्ट नावाचा एक इंग्रज अधिकारी १७३०च्या सुमारास त्या भागात होता. त्याची पत्रं १७५४ मध्ये पुस्तकरूपाने आली, त्यांत ही हकीकत आहे. ओली लोकर फुगते, वीण घट्ट होते, वारा आत शिरत नाही आणि अंगाची ऊब वाफेसकट आतच कोंडून राहते. ओल्या कापडात निजलेला माणूस सकाळी उठून पुन्हा चालू लागे.

ते कापड म्हणजे आजच्या किल्टचा थेट पूर्वज. किल्ट म्हटलं की आपल्यासमोर बॅगपाइप, पलटणीचं संचलन, नाहीतर लग्नातला नवरदेव उभा राहतो. पण तिचं कूळ शोधत मागे गेलं की हाती लागतं ते अंथरूण-पांघरूण. अमेरिकेतल्या लांब डोंगरवाटांवर पाठीला सॅक लावून किल्टमध्ये चालणारे लोक पाहिले की हौशी, चमत्कारिक वाटतात. मला मात्र वाटतं की किल्टचा मूळ धर्म ओळखणारे आज तेच आहेत.

शब्दच बघा. गेलिक भाषेत ‘प्लेड’ म्हणजे पांघरूण, आपल्या घोंगडीसारखं. आणि ‘किल्ट’ हा शब्द ज्या जुन्या स्कँडिनेव्हियन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ वस्त्र वर खोचणं. चिखलात लावणी करणारी बाई लुगडं वर खोचते ना, तेच. म्हणजे किल्ट हे आधी कपड्याचं नाव नव्हतं, कपड्याशी केलेल्या एका कृतीचं नाव होतं.

सोळाव्या शतकाच्या शेवटी ही मोठी किल्ट, गेलिकमध्ये ‘फेलिअ मोर’, कागदोपत्री स्पष्ट दिसू लागते. आयर्लंडमध्ये लढायला आलेल्या हेब्रिडीज बेटांवरच्या भाडोत्री सैनिकांचं १५९४ सालचं एक वर्णन आहे. रंगीबेरंगी पांघरुणं आणि त्यांच्यावरून आवळलेले पट्टे, अशी त्यांची ओळख त्यात सांगितली आहे. त्याच्या बारा वर्षं आधी, १५८२ मध्ये, इतिहासकार जॉर्ज ब्यूकॅननने लिहून ठेवलं होतं की हे लोक हेदरच्या झुडपांशी मिळतीजुळती तपकिरी वस्त्रं पसंत करतात, म्हणजे रानात पडून राहिलं तरी दिसायला नको. हायलँड्समधल्या ग्लेन ॲफ्रिकच्या दलदलीत १९८०च्या दशकात एक फाटका तुकडा सापडला. लांबी जेमतेम ५५ सेंटिमीटर. तपासणीत तो बहुधा सोळाव्या शतकातला ठरला, स्कॉटलंडचा आजवर सापडलेला सर्वांत जुना टार्टन, म्हणजे चौकड्यांचं लोकरी कापड. हिरवा, तपकिरी आणि बहुधा लाल-पिवळा, असा तो चौकड्यांचा तुकडा कुणाच्या तरी रोजच्या अंगावरचा, कामावरचा असावा, असा जाणकारांचा कयास आहे.

त्या काळच्या हातमागाचा पन्हा अरुंद, जेमतेम दोन-अडीच फुटांचा. म्हणून दोन पट्ट्या कडेला कडा लावून शिवत आणि चार-पाच वार लांबीचं रुंद कापड तयार होई. आधी बायका ते ओलं कापड फळीवर आपटून, मळून घट्ट करत, हाताच्या ठेक्यावर गाणी म्हणत. त्यासाठी साठवलेलं मूत्र वापरत, हेही सांगायला हवं. त्याने लोकरीतलं जादा तेल निघे आणि रंग पक्का होई.

नेसण्याची एक रीत अशी सांगतात: जमिनीवर पट्टा पसरायचा, त्यावर कापड अंथरायचं, मधल्या भागाला हाताने निऱ्या घालायच्या, त्यावर उताणं पडायचं, दोन्ही टोकं पोटावर ओढून घ्यायची आणि पट्टा आवळून उभं राहायचं. कमरेखाली गुडघ्यापर्यंत घोळ झाला. कमरेवर उरलेलं कापड मोकळं. पाऊस आला की ते डोक्यावरून घ्यायचं, कामाच्या वेळी खांद्यावर टाचून टाकायचं, मध्ये खोळ करून शिधा ठेवायचा. रात्री पट्टा सोडला की अंथरूण तयार. शिवण एकच, ती दोन पट्ट्या जोडणारी. रेनकोट, सॅक आणि स्लीपिंग बॅग एकाच कापडात, आणि वाहून न्यायचं वेगळं काही नाही.

मग या कापडाचे दोन तुकडे झाले. खालचा निऱ्यांचा भाग तेवढा राहिला, वरचा गळाला. हीच छोटी किल्ट, ‘फेलिअ बेग’. १७८५ मध्ये एडिनबर्गच्या एका मासिकात छापल्या गेलेल्या पत्रात याचं श्रेय इंग्लंडमधल्या लँकेशरच्या थॉमस रॉलिन्सन या लोखंड-कारखानदाराला दिलं आहे. १७२०च्या दशकात ग्लेनगॅरीत त्याची भट्टी होती. तिथल्या मजुरांना भलंमोठं कापड सांभाळत काम करणं अवघड जाई, म्हणून त्याने ते निम्मं केलं, अशी ती गोष्ट. इतिहासकार त्यावर अजून भांडतात. मला त्या भांडणापेक्षा भट्टीजवळचा माणूस जास्त दिसतो: रात्री घरी किंवा झोपडीत जाणारा, उघड्यावर न निजणारा. ज्याला कापडात झोपायचं नाही, त्याला अर्धं पुरतं.

१६ एप्रिल १७४६ला कलोडनच्या माळावर जॅकोबाइट बंडखोरांचा, ज्यांत हायलँडर पुष्कळ होते, पाडाव झाला आणि सरकारने त्या पोशाखावरच बंदी घातली. १ ऑगस्ट १७४७ पासून प्लेड, छोटी किल्ट, सगळं पुरुषांना आणि मुलग्यांना मना. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं सागरापार वसाहतीत रवानगी. या कायद्याबद्दल सगळ्यांत नेमकं बोलला तो सरकारच्याच बाजूचा एक न्यायाधीश, कलोडनचा डंकन फोर्ब्स. जुलै १७४६च्या पत्रात त्याने लिहिलं, त्याचा आशय असा: हा सैल पोशाख सवयीच्या माणसाला लांबच्या मजला मारू देतो, नद्या उतरू देतो, पावसावाऱ्यात टिकवतो, वेळ पडली तर रानात, खडकांच्या आडोशाला रात्र काढू देतो. सपाटीवरच्या कपड्यांत हे जमणार नाही. त्याचं म्हणणं असं की या डोंगरात गुरं राखणाऱ्या गरिबाला याची गरज आहे, मग बंदी कशाला? पण सरकारला खुपत होतं तेही हेच. जो माणूस घर पाठीवर घेऊन हिंडतो, त्याला पकडणार कुठे?

बंदी १७८२ मध्ये उठली. पस्तीस वर्षांत एक पिढी पँटीत वाढली होती. तोवर किल्ट जगली ती लष्करात, कारण पलटणींना कायद्यातून सूट होती. १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांशी लढलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेत ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या. साम्राज्याने ज्यांची वस्त्रं उतरवली, त्यांच्याच नावाच्या पलटणी उभारून त्यांना आपल्यावर धाडलं.

लष्करात शिस्त आली, म्हणून निऱ्याही शिवून पक्क्या झाल्या. १७९०च्या दशकात शिवलेली किल्ट आली आणि त्या दिवसापासून ती अंथरता येईनाशी झाली. पुढे ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला. सोहळ्याची मांडणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली होती. राजाने होलिरूडच्या दरबारात किल्ट घातली, खाली अंगाच्या रंगाचे पायमोजे, आणि त्याच्या पोशाखाचं बिल तेराशे पौंडांच्या वर गेलं. मेंढपाळाचं पांघरूण दरबारी झालं. आज समारंभाची पारंपरिक किल्ट आठ वार जाड लोकरीची असते. ती देखणी दिसते, पण भिजली की अंगावर ओझं होते.

ते किती, हे पहिल्या महायुद्धात कळलं. खंदकात चिखलाने लडबडलेल्या किल्टचं वजन दुपटीने वाढे, निऱ्यांमध्ये उवा ठाण मांडत, आणि थंडीत गोठलेली तिची कड गुडघ्यामागची कातडी करवतीसारखी कापी. मस्टर्ड गॅसपुढे उघडे पाय म्हणजे हाल. १९४०नंतर ती रणांगणावरून गेली.

पण डोंगरात ती थोडी शिल्लक होती. स्कॉटलंडचे स्काउट किल्ट घालून तंबूत राहत, चालत. आणि २००० साली अमेरिकेत, सिएटलमध्ये, स्टीव्हन व्हिलेगास या माणसाने जाड सुती कापडाची, मोठ्या खिशांची, टार्टनशी संबंध नसलेली कामाची किल्ट विकायला काढली. त्याच सुमारास जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणाऱ्या सुमारे ३,५०० किलोमीटरच्या ॲपलाचियन ट्रेलवरही किल्टवाले दिसू लागले. कारण अगदी साधं. महिनोन्‌महिने रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्याच्या मांड्या घामाने सोलतात. पँटीत ती जागा ओली राहते, किल्टमध्ये वारा खेळतो. पाऊल उंच टाकताना गुडघ्याला कापड अडत नाही. सह्याद्रीत जुलैच्या पावसात गुडघ्याला चिकटलेली पँट ओढत ज्याने घाट चढलाय, त्याला हे समजवावं लागणार नाही. वाटेवरच्या बायकांनाही ती सोयीची, आडोसा नसलेल्या जागी तर फारच. तोटेही आहेत: उंच गवतातल्या गोचिडी, खाजकुयलीसारखी झुडपं, आणि खुद्द स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्यातले मिज नावाचे चिलटासारखे चावरे किडे. शिवाय जाड निऱ्यांवर सॅकचा कंबरपट्टा आवळला की पाठीला वळ उठतात. म्हणून चालणाऱ्यांच्या किल्ट पातळ, झटपट वाळणाऱ्या कापडाच्या आणि कमरेला सपाट असतात.

या घराण्यातलं सगळ्यांत धाकटं पोर मला सर्वांत आवडतं: रेन किल्ट. निऱ्या नाहीत, लोकर नाही, टार्टन नाही. पाणी न शिरणाऱ्या पातळ कापडाचा एक आयत, कमरेला गुंडाळून वेल्क्रोने बसवायचा. वजन शंभर ग्रॅमच्या आत, घडी मुठीत मावेल एवढी. पावसाळी पँटीत आतून घामाने भिजायला होतं, याच्यात खालून हवा येत राहते. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर वेल्क्रो ओढला की ती पुन्हा सपाट होते. मग चालणारा ती झटकतो, तंबूच्या दाराशी ओल्या जमिनीवर अंथरतो आणि तिच्यावर बसून बूट काढतो.