खड्डा आमचा, माप त्यायचं



१९७९ च्या उन्हाळ्यात मी मायसोबत रोजगार हमीच्या कामावर जात होतो. तेव्हा चांदा जिल्हा एकच होता. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. काम होतं गावच्या मामा तलावाच्या पाळीचं. माय मुरूम खोदायची, मी घमेलं वाहायचो. आठवडा सरला की माप घेणारा टेप घेऊन यायचा, खड्डे मोजायचा, वहीत आकडा टाकायचा. रोज चार रुपये धरून बसलेल्या बायांच्या हातावर दोन-अडीचच्या हिशेबानं पैसे पडायचे. माय म्हणायची, "खड्डा आमचा अना माप त्यायचं." मला वाटायचं, आपणच कमी खोदलं असंल. ही समजूत मोडायला मला लई वर्षं लागली. तुमची लवकर मोडावी म्हणून लिहितो आहे.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. पण ११ एप्रिल १९४६ ला मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचं विधेयक मांडलं तेही बाबासाहेबांनीच, व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूर सदस्य म्हणून. हे किती जणांना ठाऊक आहे? त्यातूनच पुढे १९४८ चा कायदा झाला. मायच्या मजुरीवर तिचा हक्क सांगणारा कागद बाबासाहेबांच्या हातून सुरू झाला होता.

पण त्या कायद्यात पळवाटाही होत्या. तो सगळ्या मजुरांना लागू नव्हता, परिशिष्टात नाव असलेल्या धंद्यांनाच होता. राज्यभरात एखाद्या धंद्यात हजारापेक्षा कमी मजूर असतील तर सरकार दर न ठरवता बसू शकत होतं. आणि कलम २६ प्रमाणे अधिसूचना काढून एखाद्या वर्गाच्या मजुरांना कायद्यातून काही काळ वगळता येत होतं. कारखान्यातल्या मजुराला निदान युनियन होती. जंगलातल्या मजुराला सूट दिली तर ओरडणार कोण?

आमच्या तलावावर मात्र सूट जाहीर करायचीही गरज पडली नाही. तिथं मापानंच काम भागवलं. रोजगार हमीचा दर असा बसवायचा होता की साधारण माणसानं सात तास काम केलं तर त्याला शेतमजुराचं किमान वेतन सुटावं. हे कागदावर. पण कडक मुरमाला मऊ मातीचा दर लावला की सात तास राबूनही रोज अर्धाच. कलम १७ सांगत होतं की कामाच्या मापावर राबणाऱ्यालाही रोजाच्या किमान दरापेक्षा कमी देता येणार नाही. आम्हाला हे कुणी वाचून दाखवलं नाही. तेंदूपत्त्याच्या फळीवर तर वेतन हा शब्दच नव्हता. सत्तर पानांचा एक पुडा, आणि शेकडा पुड्यांचा दर. पहाटे रानात शिरलेली बाई रात्री पुडे बांधायची. तिचे तास कुणी मोजले नाहीत.

आणि तो चार रुपयांचा दर तरी बरोबर होता काय? वि. स. पागे समितीचा हिशेब डॉ. अभय बंग यांनी तपासला. मजुराला लागणारं अन्न आणि त्याचं कुटुंब नीट धरलं तर चार नाही, बारा रुपये लागतात, असं त्यांनी दाखवलं. १९८८ मध्ये सर्वांत खालचा दर बारा झाला. हमीचा दर दुप्पट झाला आणि लगेच हमीच्या कामांवर माणसं कमी झाली. दर वाढला की काम आखडतं, हेही ध्यानात ठेवा.

आता कोर्टाचं ऐका. राजस्थान सरकारनं १९६४ च्या कायद्यानं दुष्काळी कामांना मजूर कायद्यांतून सूट दिली होती. १९८१ मध्ये तिथल्या एका रस्त्यावर राबणाऱ्यांत दलित बाया पुष्कळ होत्या. किमान दर सात रुपये, हातात मात्र कमी. टिलोनियाचे संजित रॉय सुप्रीम कोर्टात गेले. १९८३ मध्ये न्या. भगवती यांनी सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ नं बंद केलेली वेठ. किमान वेतनापुरती ती सूट रद्द झाली. आपल्या आज्यांनी पाटलाच्या, मालगुजाराच्या दारात जी वेठ केली, तिचंच नाव कोर्टानं सरकारी कामाला दिलं.

तरी वाट पुन्हा काढलीच. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम ६ मध्ये लिहिलं गेलं की १९४८ च्या कायद्यात काहीही असो, केंद्र आपला वेगळा दर ठरवू शकतं. २ फेब्रुवारी २००६ ला योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या दोनशे जिल्ह्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही होते. १ जानेवारी २००९ पासून केंद्रानं तो अधिकार वापरला आणि हमीची मजुरी राज्याच्या किमान वेतनापासून तोडली. १९४८ च्या कायद्याच्या जागी आलेली वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही २००५ च्या कायद्याला धक्का लागणार नाही, असं लिहूनच ठेवलं होतं.

म्हणून नव्या कार्यकर्त्यांना माझं एवढंच सांगणं. जयंतीला भाषण करा, जरूर करा. पण दुसऱ्या दिवशी टेप घेऊन कामावर जा. मस्टर वाचा. मुरूम आहे की माती, ते डोळ्यानं पाहा. कायदा वाचताना "परंतु" आणि "काहीही असले तरी" हे शब्द आले की तिथं थांबा, आपल्या माणसाला बाहेर काढलेलं असतं ते बहुतेक तिथंच.

माय आता नाही. तिनं कमी खोदलं नव्हतं.

जयभीम.